पहिले दीड हजार

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळची वेळ. हजर: मयेकर बाई, त्यांची नवी लाल गाडी, सोसायटीचे अध्यक्ष खातू काका, पहिल्या मजल्यावरचे जोशी नवरा-बायको, वॉचमन आणि सचिव या नात्याने मी. नारळ खातू काकांनी फोडला, पेढे बाईंनी आणले होते. चाकांखाली ठेवायची लिंबं राहिली म्हणून जोशी वहिनी वर पळाल्या, आणि त्या परत येईपर्यंत इंजिन चालू ठेवायचं की बंद करायचं यावरून काकांचं आणि बाईंचं वाजलं. काकांचं म्हणणं, पूजा होईपर्यंत गाडी बंद पडणं अशुभ. बाईंनी आत हात घालून बटण दाबलं आणि इंजिन बंद केलं.

"नवं इंजिन उभ्या उभ्या गुरगुरत ठेवू नये, काका. त्याने एक तर चालावं, नाहीतर झोपावं."

काका माझ्याकडे बघून हसले. ते हसू मला पुढे सहा महिने बघावं लागलं. वेगवेगळ्या तोंडांवर, पण हसू तेच. त्याचा अर्थ असा, की बाई हुशार आहे खरी, पण जरा हेकट आहे आणि एकटी राहून डोक्यावर परिणाम झालाय. मी यादी करणारी बाई आहे. घरात किराण्याची, ऑफिसात टपालाची आणि सोसायटीत थकबाकीची यादी माझ्याकडे असते. त्या हसणाऱ्यांचीही यादी माझ्याकडे आहे. फक्त ती लिहून ठेवायची गरज पडली नाही.

रजनी मयेकर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवायच्या. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या आल्या तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. उंच, हाडापेराने मजबूत, साडी घोट्याच्या वर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. सुती साडी आणि कॅनव्हासचे बूट हा त्यांचा बारमाही पोशाख. लग्नालासुद्धा तोच, फक्त बूट धुतलेले. आवाज खणखणीत. तीस वर्षं वर्कशॉपच्या आवाजावर आवाज चढवून शिकवल्यामुळे त्यांना हळू बोलता यायचं नाही. जिन्यात त्यांनी सांगितलेलं गुपित गच्चीपर्यंत पोचायचं.

लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. बिल्डिंगमध्ये मात्र प्रत्येकाकडे त्याचं एकेक कारण तयार होतं.

त्यांचं सगळं बोलणं इंजिनातून यायचं. माझ्या ऑफिसात नवा क्लार्क आला आणि दोन दिवसांत साहेबांशी भांडला, तर बाई म्हणाल्या, "रिंगा बसल्या नाहीत अजून." जोश्यांच्या मुलाचं लग्न होऊन सून सारखी माहेरी पळू लागली तेव्हाही हेच. याचा अर्थ मला त्यांनीच एकदा ओट्यावर वाटी आणि झाकण घेऊन समजावला होता. इंजिनाच्या आत पिस्टन वरखाली होतो. त्याच्याभोवती रिंगा असतात. इंजिन नवं असतं तेव्हा रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांची ओळख नसते. बेताच्या जोराने, बेताच्या उष्णतेने घासत घासत त्या एकमेकींशी जुळतात. हे पहिल्या दीड हजार किलोमीटरांत होतं. तेवढ्यात ज्याने जसं चालवलं तसं इंजिन पुढे जन्मभर वागतं. तिथे चुकलं तर मग कितीही काळजी घ्या, ते तेल पिणार, धूर टाकणार, दम नसल्यासारखं ओढणार.

"लाड नको, मार नको," हे त्यांचं सूत्र होतं. "पोराला वाढवतात तसं का?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "पोरांचं मला काय माहीत? इंजिनाचं सांगत्ये."

आता खरी गोष्ट सांगते. ती कळल्याशिवाय पुढचा संताप कळणार नाही. बाईंना तीस वर्षं शिकवायला मिळाली ती इंजिनं म्हणजे कुणीतरी टाकून दिलेली होती. एखाद्या खात्याने भंगारात काढलेली जीप, अपघातातला टेम्पो, बंद पडलेल्या बोटीचं इंजिन. दर वर्षीच्या पोरांनी खोलून-जोडून बोल्टांचे कोपरे गोल झालेले. त्या मढ्यांवर बाईंनी पोरांना शिकवलं, की नवं इंजिन कसं सांभाळावं. स्वतः मात्र एकही इंजिन पहिल्या किलोमीटरपासून चालवलं नव्हतं. स्वतःची स्कूटरसुद्धा त्यांनी जुनी घेतलेली. म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी फ्लॅट मोठा केला नाही, सोनं घेतलं नाही, चारधाम केलं नाही. टर्बोची, भरपूर ताकदीची, छोट्या अंगाची गाडी घेतली. पहिले दीड हजार किलोमीटर स्वतःच्या हाताने, शास्त्राप्रमाणे चालवायचे, मग तेल बदलायचं, आणि मग सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, सरळ रस्त्याला एका सकाळी तिसऱ्या गिअरमध्ये काटा शेवटपर्यंत न्यायचा. एकदाच.

"मग?" मी विचारलं होतं.

"मग काय, भाजी आणायला वापरीन."

गाडी घेण्यापासूनच लोकांनी त्यांना छळलं. कोल्हापूरच्या शोरूममध्ये आम्ही दोघी गेलो होतो. तिथल्या पोराने पहिल्यांदा विचारलं ते हे, की चालवणार कोण, सर आलेत का? बाई म्हणाल्या, सर वारले. मी चमकून बघितलं. नंतर परतीच्या एसटीत म्हणाल्या, कुणीतरी सर कुठेतरी वारलाच असेल, मी खोटं काय बोलल्ये?

गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी त्याच पोराने मोबाइलवर व्हिडिओ काढायला म्हणून थंडगार इंजिन चालू केलं आणि जागेवरच काटा लाल पट्ट्यात जाईपर्यंत रेस दिली. धडाधड आवाज, सगळे टाळ्या वाजवतायत. बाईंनी फुगे बाजूला केले, मॅनेजरच्या टेबलापाशी गेल्या आणि सांगितलं, ही गाडी नको. दुसरी आणा, आणि तिला मी येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मॅनेजर त्यांना चहा पाजून समजावत होता, की मॅडम, काही होत नाही, आजकालची इंजिनं कारखान्यातूनच तयार होऊन येतात. बाईंनी त्याला गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकातलं पान काढून दिलं. त्यात त्याच्याच कंपनीने बाईंचंच म्हणणं छापलं होतं. तरी त्या अख्ख्या शोरूममध्ये एकाही माणसाला लाज वाटली नाही. एसटीने परत येताना आंबा घाटभर मी संतापून बोलत होते. साखरप्याच्या पुढे आल्यावर बाई म्हणाल्या, "वर्षा, तुझं पाणी उकळलं. खिडकी उघड."

दुसरी गाडी आली ती डिसेंबरात. तिथून आमच्या सकाळच्या फेऱ्या सुरू झाल्या. सुट्टीच्या दिवशी मी बरोबर असायची. रत्नागिरीहून पावसमार्गे पूर्णगड आणि परत. हा रस्ता बाईंनी मुद्दाम निवडला होता. चढ, उतार, वळण, पूल. एकाच वेगाने सलग जायची सोयच नाही, आणि नव्या इंजिनाला तेच हवं असतं. रेडिओ बंद, एसी बंद, बोलणं बंद. डावा हात गिअरवर नुसता टेकवलेला. चढ यायच्या आधीच गिअर बदललेला असायचा. इंजिनाला धाप लागायची वेळ त्या येऊच देत नसत. काटा निम्म्यावर जाऊ लागला की पाय हलका. मी कुठल्याही गाडीत बसले की मला झोप येते. इथे यायची नाही. कुणीतरी काही महत्त्वाचं शिवतंय आणि आपण दिवा धरून बसलोय असं वाटायचं.

लोकांना मात्र करमणूक झाली. पावसच्या अलीकडे एक जीपवाला पोरगा हॉर्न वाजवत मागे लागला, ओव्हरटेक करताना काच खाली करून ओरडला, "आजी, दुसरा गिअर पण असतो गाडीला!" बाईंनी त्याला हात दाखवून वाट दिली. पूर्णगडच्या जेटीवर गाडी थंड व्हायला थांबलो की कोळणी जमायच्या. त्यातल्या एकीला पाट्यांसकट रत्नागिरीला यायचं होतं. बाई म्हणाल्या, अजून वजन घालायचं नाही, थोडे दिवस थांब. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो बाय, गाडी हाय का बाळंतीण?" बाई इतक्या हसल्या की त्यांना बॉनेटला टेकावं लागलं. मग त्यांनी तिच्याकडून गरज नसताना बांगडे घेतले आणि डबा घट्ट बंद करून माझ्या मांडीवर दिला.

हे चांगलं हसू होतं. बिल्डिंगमधलं नव्हतं. खातू काका मला म्हणाले, वाघीण घेतली आणि शेळीसारखी चालवतायत, यापेक्षा रिक्षा लावली असती. जोशी म्हणाले, एकट्या बाईला एवढ्या ताकदीची गाडी म्हणजे काहीतरी दाबून ठेवलेलं बाहेर पडतंय. मी त्यांना विचारलं, तुम्ही निवृत्तीनंतर सहा महिने फुटक्या टाक्या दुरुस्त करायचा क्लास केलात तेव्हा काय बाहेर पडत होतं? जोशी तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलतात. चालेल.

एप्रिलमध्ये बाईंचा भाऊ विलास कांदिवलीहून आला. पूर्णगडच्या अलीकडे त्यांचं गाव. घराची चावी बाईंकडे, घराची दुरुस्ती बाईंकडे, देवाचं वर्षाचं सगळं बाईंकडे, आणि घर मात्र विलासचं, असा त्यांच्याकडे कारभार. विलासच्या मुलाचं, ओंकारचं लग्न मे महिन्यात गावी करायचं ठरलं. म्हणजे ते ठरवलं मुंबईत आणि केलं बाईंनी. मांडववाला, आचारी, पाहुण्यांच्या खोल्या, पाण्याचा टँकर, गुरवाला निरोप, सगळं बाईंनी. त्याची यादी मीच करून दिली होती, म्हणून मला माहीत आहे. त्या धावपळीत आमच्या सकाळच्या फेऱ्या बंद पडल्या. दीड हजारात थोडेच किलोमीटर उरले होते. मी म्हटलं, दोन सकाळींचं काम आहे, उरकून टाकू. बाई म्हणाल्या, घाईत उरकायचं असतं तर मी एवढे दिवस काय केलं? लग्न होऊ दे.

भावकीत त्यांची एक रीत आहे. घरात नवी गाडी आली की घरातल्या पहिल्या वरातीला तीच पुढे असते. पूर्वी बैलगाडी असायची, मग कुणाची तरी जीप. विलासने ते गृहीतच धरलं होतं. त्याने विचारलं नाही, चहा पिता पिता कळवलं, की वरातीला गाडी लागेल, फुलवाल्याला माप देऊन ठेव.

बाईंनी कप खाली ठेवला. "वरातीला नाही देणार. लग्न झाल्यावर महिन्याभराने ने, हवी तिथे ने. आत्ता नाही."

"का?"

"वरात पायांच्या चालीने जाते. मे महिन्यात दोन तास पहिल्या गिअरमध्ये रखडवायचं, वर फुलं, वर एसी. अजून घडतंय ते इंजिन. नवरीला देवळापर्यंत मी स्वतः आणीन, रीत तेवढ्याने पुरी होईल. वरातीला दुसरी गाडी ठरव."

विलास हसला. तेच हसू. "आक्का, तुझ्या घरातलं हे एकच कार्य. पोराच्या वरातीपेक्षा पिस्टन मोठा?"

मी तिथेच होते. मला बोलायचं होतं, पण बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी बशा उचलून आत गेले. आतून ऐकलं. बाई एवढंच म्हणाल्या, "मोठा-लहान नाही रे. मी एकदाच काहीतरी मागत्ये."

विलास म्हणाला, बरं बरं. माझ्या अनुभवात 'बरं बरं' म्हणणाऱ्या माणसाकडून लेखी घ्यावं.

लग्न झालं. चांगलं झालं, वाईट मी म्हणणार नाही. बाईंनी ठरल्याप्रमाणे नवरीला आणलं, गाडी मांडवामागे फणसाच्या सावलीत लावली आणि पंगतीत वाढायला उभ्या राहिल्या. वरातीसाठी दुसरी गाडी ठरली होती. ती खरंच ठरली होती का, हे मी नंतर पुष्कळ विचारलं; कुणी नीट उत्तर दिलं नाही. दुपारी विलासच्या बायकोने, नीता वहिनीने, बाईंची पर्स मागून घेतली. नवरीची नथ त्यात ठेवली होती. नथ काढली, त्याबरोबर किल्लीही काढली. पर्स परत आणून दिली आणि वर म्हणाली, ताई, तुम्ही होतात म्हणून सगळं निभावलं.

दुसरी पंगत बसली होती. वरात देवळाकडून वळून घराकडे येत होती, ढोल-ताशे वाजत होते. त्या आवाजात मध्येच एक वेगळा आवाज येऊ लागला. ताशाच्या ठेक्यावर गाडीला रेस द्यायची, सोडायची, पुन्हा द्यायची. आजकाल पोरांना हे फार आवडतं. मी वळून बाईंकडे बघितलं. त्यांच्या हातात सोलकढीचं भांडं होतं. त्यांनी ते खाली ठेवलं, सांडू न देता, पानाच्या बाजूला सरकवून ठेवलं, आणि बाहेर गेल्या. धावल्या नाहीत. मी धावले.

लाल गाडी फुलांनी गच्च झाकली होती. पुढच्या जाळीवर, जिथून वारा आत जातो, झेंडूची अख्खी चादर तारेने आवळलेली. आत नवरा-नवरी, आणि चालवायला ओंकारचा मुंबईचा मित्र. पडद्यावर काहीतरी लाल सूचना सारखी येत होती, गाणं दिसेना म्हणून त्याने ती बोटाने पुसली, असं त्याने नंतर स्वतःच हसत हसत सांगितलं. आम्ही पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफ निघायला लागली होती. बाजा थांबला. कुणीतरी बॉनेट उघडलं. भावकीतले एक तात्या, वय झालेले, मान असलेले, पुढे झाले आणि त्यांनी नुकतीच विहिरीतून भरून आणलेली कळशी त्या तापलेल्या इंजिनावर ओतली. सगळी. फस्स आवाज आला आणि झेंडूच्या पाकळ्या पाण्याबरोबर आमच्या पायांपर्यंत वाहत आल्या.

बाई गर्दीतून पुढे आल्या. "पाणी कोणी मारलं?"

"मी," तात्या म्हणाले. कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाले. "नायतर पेटली असती गो."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता वर्कशॉपचा आवाज निघेल आणि सगळा गाव ऐकेल. माझी तशी इच्छाच होती. त्या म्हणाल्या, "बरं केलंत, तात्या. सावलीत बसा." मग मित्राला म्हणाल्या, "खाली उतर." नवरा-नवरीला चालत घरी पाठवलं. तारेने आवळलेली फुलं एकेक करून सोडवत राहिल्या. बोटं भाजत होती, तरी सोडवत होत्या. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, राहू दे, पंगतीला कढी वाढ.

संध्याकाळी विलास म्हणाला, "गाडीच आहे ना आक्का, माणूस तर नाही गेला." नीता वहिनी म्हणाली, शुभकार्यात काहीतरी जायचंच असतं, गाडीवर निभावलं. विलासने माफीही मागितली, नाही असं नाही. पण तीसुद्धा अशी, की बाईंनीच 'असू दे' म्हणावं लागावं. बाईंनी म्हटलं. सगळ्यांचं जेवण गोड झालं.

गाडी कोल्हापूरला टेम्पोवर चढवून नेली. वर्कशॉपमध्ये त्यांनी वरचा भाग खोलला, गार पाण्याने वाकलेलं घासून सरळ केलं, मधलं पॅकिंग बदललं, आणि फोन केला की मॅडम, नव्यासारखी झाली. बाई फोनवर म्हणाल्या, नव्यासारखी म्हणजे काय ते मला सांगू नका. परत आणताना मी शेजारी होते. मला काही फरक कळला नाही. बाईंना घाटाच्या पहिल्या चढाला कळला. त्यांनी गिअर बदलला, कान दिला आणि उरलेला रस्ता शेजारून कुणी ट्रक गेला तरी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केल्यावर मागून निळसर धूर निघाला, थोडा, आणि विरला. वॉचमन म्हणाला, थंडीमुळे असेल. मे महिन्यात.

जूनमध्ये विलास, वहिनी आणि नवं जोडपं देवदर्शन करून रत्नागिरीला आले. बाईंनी मला चहाला हात लावायला बोलावलं होतं. त्यांनी ताटलीत सुपारी ठेवली, शेजारी किल्ली ठेवली आणि ताटली ओंकारच्या पुढे केली. "तुझा आहेर राहिला होता."

नीता वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ओंकार पाया पडला, "आत्या, तू ग्रेट आहेस," म्हणाला. त्याला बाईंनी सांगितलं, तेल आठवड्याला बघायचं, हे इंजिन आता तेल खाणार, दुर्लक्ष केलंस तर रस्त्यात बसवील. तो म्हणाला, कंपनीचं अ‍ॅप आहे ना, ते सांगतं सगळं. विलासने तिथूनच तिघाचौघांना फोन लावले. "आक्काने पोराला गाडी दिली. अगदी नवीकोरी. मन मोठं लागतं." मी चहाचे कप इतक्या जोरात ठेवले की एकाचा कान तुटला.

ते गेल्यावर मी बाईंना सोडलं नाही. म्हटलं, हे काय केलंत? त्यांनी तुमच्या पर्समधून चोरली आणि तुम्ही त्यांनाच ओवाळून दिलीत? आता अख्ख्या रत्नागिरीत तुमच्या दातृत्वाच्या गोष्टी होतील. ठेवायची होतीत. दुरुस्त करायची होतीत. तुम्हाला येतं सगळं. निदान विकायची होतीत.

बाई ताटलीतली सुपारी डब्यात परत टाकत होत्या. म्हणाल्या, "मला गाडी नको होती गो. मला ते पहिले दीड हजार हवे होते. गाडी काय, दुकानात मिळते."

"मग त्यांना हे सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं. तू बशा घेऊन आत गेलीस तेव्हाच सांगितलं." आणि त्यांनी, पहिल्यांदाच, हळू आवाजात विचारलं, "ऐकायला गेलं नाही का गो नीट?"

मी कान तुटलेला कप उचलून बाजूला ठेवला. राग अजून आहे, आणि तो वाढतोय. विलासवर आहे, वहिनीवर आहे, तात्यांवर नाही. ते बिचारे आपल्या परीने आग विझवत होते. सगळ्यांत जास्त राग त्या लोकांवर आहे, ज्यांनी वरातीच्या दिवशी बाईंना 'एवढं काय त्यात' म्हटलं आणि जूनमध्ये 'किती मोठं मन' म्हटलं. तीच माणसं, तेच तोंड. एखाद्या बाईची वस्तू काढून घेतली की ती हेकट, आणि तिने उरलेला सांगाडा देऊन टाकला की ती देवी. मधल्या मध्ये तिला काय हवं होतं, हा प्रश्न कुणाच्या यादीत नाही.

श्रावणात बाई गडहिंग्लजला गेल्या. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थिनीने तिथे ट्रॅक्टरचं गॅरेज काढलंय, तिला मदत हवी होती. किती दिवस, ते ठरलेलं नाही. सोडायला मी स्टँडवर गेले होते. सामानात एक कपड्यांची पिशवी आणि एक हत्यारांची. हत्यारांची जड होती आणि ती त्यांनी मला उचलू दिली नाही. त्यांना ड्रायव्हरच्या मागची जागा मिळाली. खिडकीतून मला म्हणाल्या, पार्किंगची जागा अडवून ठेवू नकोस, कुणाला तरी देऊन टाक. मी म्हटलं, बघू. एसटी मागे घेतली, वळली. मी हात हलवला. बाईंचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या किंचित पुढे वाकून ड्रायव्हरचा डावा हात बघत होत्या. तो गिअर टाकतो कसा, ते.

आता गणपतीला त्या दोन दिवस येणार आहेत. सोसायटीने त्यांचा सत्कार ठरवलाय. खातू काकांनी मला सांगितलं, मानपत्राचा मजकूर तू लिही, तुझं मराठी चांगलं आहे. चारच ओळी, पण गोड. 'भाच्याच्या संसाराला आपली नवीकोरी गाडी हसतमुखाने देणाऱ्या' हे यायलाच हवं, म्हणाले. विलास मुंबईहून खास येतोय. मी म्हटलं, हसत कुठे होत्या? मी तिथे होते. काका म्हणाले, वर्षा, असं लिहायचं असतं.

शाल आणली. नारळ सांगून ठेवलाय. खुर्च्या, माइक, अल्पोपाहार, सगळं झालं. फ्रेमवाला रोज फोन करून विचारतो, मॅडम, मजकूर? कागद माझ्यासमोर आहे. 'आदरणीय मयेकर बाई, तुमची गाडी तुम्ही दिली नाहीत' इथपर्यंत लिहून झालंय. पुढच्या तीन ओळी बाकी आहेत.